पाचवी, बारसं, उष्टावण आणि जनुकं

नांदेड-लातूरकडच्या घरात लेकरू जन्मलं की पुढच्या वर्षभराच्या तिथी आपोआप ठरून जातात. पाचवीच्या रात्री सटवाई पुजायची, तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, म्हणजे ती येऊन लेकराच्या कपाळी काय आहे ते लिहून जाईल. बाराव्या दिवशी बारसं. सव्वा महिना झाला की बाळंतीण घराबाहेर पडणार. सहा महिन्यांच्या आसपास मामाच्या मांडीवर बसवून उष्टावण.

या तिथींच्या शेजारी लेकराच्या शरीरात आणखी एक वेळापत्रक चालू असतं आणि त्याची फारशी कुणाला कल्पना नसते. जंतूंशी लढण्यासाठी आईबापांकडून मिळालेली शेकडो जनुकं सगळी एकाच दिवशी कसोटीला लागत नाहीत. एखाद्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सगळी भिस्त येऊन पडते, एखाद्यावर सव्वा महिन्याच्या सुमाराला, तर एखाद्यावर उष्टावणाच्या वेळी. जनुकात खोट असेल तर ती त्या-त्या दिवसांत उघडी पडते, त्याआधी तिचा मागमूसही नसतो. दिसायला धडधाकट असलेलं लेकरू ठरावीक वयात एका ठरावीक जातीच्या जंतूपुढे हतबल होतं आणि बाकीच्या जंतूंना मात्र सहज परतवून लावतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यावर विश्वास ठेवणं जड गेलं होतं. आता जितकं वाचावं तितकं ते अधिकच अद्भुत वाटतं.

सुरुवात नाळेपासून करू. जन्मल्यावर नाळ कापली की बेंबीला बोटभर देठ उरतो. तो वाळतो, काळा पडतो आणि बहुतेक लेकरांचा एक-दोन आठवड्यांत गळून जातो. बारशाच्या आगेमागे आजी म्हणते, नाळ पडली. पिकलं पान गळावं तशी ती आपोआप पडली, अशीच आपली समजूत असते. पण देठ जिथे पोटाला जुळलेला असतो तिथे त्या दिवसांत मोठी लगबग चाललेली असते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून मोठ्या संख्येने तिथे पोचतात, आपली विकरं सोडतात आणि मेलेला भाग जिवंत भागापासून पचवून सोडवतात. म्हणजे नाळ गळते ती लेकराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींमुळे. जन्मल्यानंतर त्यांनी पार पाडलेलं हे पहिलं मोठं काम, आणि ते सगळ्या घरादाराच्या डोळ्यांसमोर होतं.

आता प्रश्न असा, की रक्ताबरोबर वेगाने वाहत निघालेली पेशी नेमक्या जागी थांबते कशी? गोदावरीला पूर आला असताना नांदेडच्या घाटाशी कुणी वाहत चाललं, तर आधी त्याची बोटं पायऱ्यांवरून घासत जातील, त्याने वेग थोडा मंदावेल, मग एखादी कडा मुठीत येईल आणि तिथे तो घट्ट धरून राहील. न्यूट्रोफिल हुबेहूब हेच करतो. जिथे जंतू शिरले आहेत किंवा ऊती मेली आहे तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर खास रेणू उगवून येतात. न्यूट्रोफिलच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या त्यांच्यात अडकत, सुटत, पुन्हा अडकत जातात आणि पेशी भिंतीवरून गडगडत पुढे सरकते. मग इंटेग्रिन नावाचे रेणू भिंतीला पक्कं धरतात. त्यानंतर पेशी चपटी होते आणि दोन पेशींच्या फटीतून बाहेर निघते.

इंटेग्रिनचा एक आवश्यक भाग बनवण्याची कृती २१ व्या गुणसूत्रावरच्या आयटीजीबी-२ या जनुकात लिहिलेली असते. आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची बिघडलेली प्रत आली, तर लेकराच्या न्यूट्रोफिलना भिंत धरताच येत नाही. ते तयार होतात, रक्तातून फिरत राहतात, पण उतरू शकत नाहीत. अशा लेकराचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींचा आकडा भरमसाट, कधीकधी लाखाच्या घरात, आणि जखम पाहावी तर तिच्यात पूचा टिपूसही नाही. पू म्हणजे तरी काय, कामी आलेल्या न्यूट्रोफिलांचा थर. पू नसणं हे इथे बरं लक्षण नसतं. तिथे कुणी पोचलंच नाही, असा त्याचा अर्थ. आणि या लेकरांची नाळ पडत नाही. तीन आठवडे होतात, चार होतात, देठ तसाच असतो, बेंबीभोवती लाली चढते आणि तिथून जंतू रक्तात शिरतात. नाळ उशिरा पडणं, सर्वांगी जंतुसंसर्ग आणि मंद न्यूट्रोफिल यांची सांगड घालणारा लेख १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे या आजाराला ल्युकोसाइट अ‍ॅडेशन डेफिशियन्सी, थोडक्यात लॅड, असं नाव पडलं. त्याच्या तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं नाही तर बहुतेक लेकरं दोन वर्षांच्या आतच जातात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर कुणाची झोप उडायची. नाळ उशिरा पडलेल्या लेकरांपैकी बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. बेंबीला जंतुनाशक औषध लावत राहिल्यानेही देठ पडायला वेळ लागतो. लॅड अत्यंत विरळ आहे. पण नाळ तीन-चार आठवड्यांनंतरही तशीच आहे, बेंबी लाल आहे आणि पांढऱ्या पेशी खूप वाढल्या आहेत, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर डॉक्टरांनी या नावाचा विचार केलाच पाहिजे.

आणि तो विचार करण्याची संधी आपल्या खेड्यांत ठरवून आणलेली आहे. दवाखान्यात जन्मलेल्या लेकराला घरी नेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बघायला येते. वजन करते, ताप पाहते, बेंबी पाहते. ही पद्धत महाराष्ट्रातच जन्मली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना जंतुसंसर्ग ओळखायला आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि २०११ पासून ही पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. आशाताईच्या भेटींच्या यादीतले चौदा, एकवीस आणि अठ्ठावीस हे दिवस पाहा. न्यूट्रोफिलांच्या परीक्षेचा निकाल याच दिवसांत लागतो. ती यादी करणाऱ्यांच्या मनात आयटीजीबी-२ नव्हतं, पण देगलूरच्या किंवा निलंग्याच्या एखाद्या वाडीवर त्या जनुकाची पहिली चाहूल कुणाला लागायची असेल तर ती तिलाच लागेल.

लॅडचा दुसरा प्रकार तर आपल्याला थेट मुंबईच्या एका जुन्या शोधापाशी नेतो. १९५२ साली परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक रक्त सापडलं. तपासणीत ते ‘ओ’ गटासारखं दिसायचं, पण ‘ओ’ गटाच्या दात्यांचं रक्तही त्याला चालत नव्हतं. त्या माणसांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा रेणूच नव्हता, आणि ए, बी, ओ हे सगळे गट ज्या पायावर उभे राहतात तो पाया म्हणजे हा ‘एच’. लंडनच्या रक्तगट-तज्ज्ञांनाही सोबत घेऊन हा शोध जाहीर झाला आणि जगभर त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणू लागले. ‘एच’ तयार व्हायला साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडावी लागते. ती जोडणारं जनुक या माणसांत बंद असतं. एरवी ती ठणठणीत असतात, फक्त रक्त घ्यायची वेळ आली तर त्यांना त्यांच्यासारख्याच विरळ माणसाचं रक्त लागतं.

चाळीस वर्षांनी, १९९२ साली, हैफामधल्या डॉक्टरांनी दोन मुलांचं वर्णन केलं. पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग, पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या, पू नाही, वाढ खुंटलेली. आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे! कारण उमगलं तेव्हा ते विलक्षण सुंदर निघालं. या मुलांच्या पेशींत फ्युकोज योग्य कप्प्यात पोचवणारा वाहक रेणूच बिघडला होता. फ्युकोज पोचत नाही म्हणून तांबड्या पेशींवर ‘एच’ नाही. आणि न्यूट्रोफिल ज्या साखर-साखळीच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडतो तिच्यातही फ्युकोज लागतं, म्हणून तीही नाही. एकाच साखरेची उणीव रक्तपेढीत एका तऱ्हेने दिसली आणि बालरुग्णांच्या वॉर्डात दुसऱ्या तऱ्हेने. अशा काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर त्यांच्या न्यूट्रोफिलांना पुन्हा भिंत सापडू लागली. औषध काय, तर साखर!

परळमध्येच १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झालं. आज ते केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था म्हणून उभं आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच. तिथे डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लेकरांमधल्या लॅडचा, म्हणजे त्यातल्या लक्षणांचा आणि जनुकांमधल्या नेमक्या बदलांचा, अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्याच आचार्य दोंदे मार्गावर वाडिया बालरुग्णालय आहे आणि डॉ. मुकेश देसाई यांनी तिथे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांचं काम उभं केलं. आपल्याकडच्या लेकराचं कोडं सुटायचं असेल तर बहुतेक वेळा लातूर-मुंबई एक्स्प्रेस किंवा नांदेडहून तपोवन, देवगिरी पकडून याच रस्त्यावर यावं लागतं.

आता सव्वा महिन्याच्या तिथीकडे. जन्मल्यावर लगेच लेकराच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात. कालमेट आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईंच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून तेरा वर्षं, दोनशेहून अधिक वेळा, एका माध्यमातून दुसऱ्यात वाढवत नेऊन निस्तेज केला, तोच हा जंतू. लस जिवंत असते. दोन-चार आठवड्यांनी दंडावर पुटकुळी उठते, फुटते, खपली धरते आणि पुढे जन्मभराची खूण राहते. बाळंतीण सव्वा महिन्याची होते त्या सुमाराला ती पुटकुळी ऐन भरात असते. आई घाबरते, आजी म्हणते, राहू दे, लस लागू पडली. आजीचं बरोबर आहे. आत त्या वेळी दोन पेशींमध्ये बोलणं चाललेलं असतं. भक्षक पेशी जंतू गिळते, पण क्षयाच्या जातीचा जंतू गिळल्यावरही मरत नाही, तिच्या पोटात आरामात राहतो. मग ती इंटरल्युकिन-१२ नावाचा निरोप बाहेर पाठवते. टी-पेशींना तो पोचतो आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा हे उत्तर धाडतात. उत्तर मिळालं की भक्षक पेशीत जंतू मारायचं बळ येतं. निरोप आणि उत्तर, बस्स. दंडावरच्या खुणेमागे हा संवाद असतो.

लाखोंमधल्या एखाद्या लेकरात ही साखळी कुठेतरी तुटलेली असते. १९९६ साली एका ट्युनिशियन बाळाची हकिगत प्रसिद्ध झाली. बीसीजीचा निरुपद्रवी जंतू त्याच्या अंगभर पसरला आणि त्यात ते गेलं. त्याच्या पेशींवर इंटरफेरॉन-गॅमाचं उत्तर ऐकणारा ग्राहकच नव्हता. त्याच वर्षी माल्टामधल्या काही मुलांमध्येही हाच दोष सापडला. त्यानंतर या साखळीतली एकेक कडी शास्त्रज्ञांना सापडत गेली. निरोप पाठवणारी, तो ऐकणारी, उत्तर देणारी, प्रत्येकीचं जनुक वेगळं. ही मुलं गोवर-कांजिण्यांना इतर मुलांसारखीच तोंड देतात. क्षयाच्या जातीचे जंतू आणि विषमज्वराच्या कुळातले साल्मोनेला एवढ्यांनाच ती घाबरावीत, अशी त्यांची घडण असते. आणि कडी कोणती तुटली हे कळलं की उपचारही ठरतो. निरोपच जात नसेल तर इंटरफेरॉन-गॅमा बाहेरून टोचता येतं. ऐकणारा ग्राहकच नसेल तर कितीही टोचून उपयोग नाही, तिथे प्रत्यारोपणाचाच विचार करावा लागतो.

बीसीजीविषयी इथे किंतु नको. ही लस लहान लेकरांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून आणि सर्वांगी पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. काखेत एखादी बारीक गाठ येणं निरोगी लेकरातही घडतं आणि ती बहुधा आपोआप बसते. गाठी वाढतच गेल्या, पिकल्या, हाडांत किंवा यकृतात लस पोचली, लेकरू वजन धरेना, तर मात्र दंडावरच्या त्या थेंबाने एका लपलेल्या जनुकावर बोट ठेवलेलं असतं. भारतात जवळजवळ प्रत्येक लेकराला जन्मताच ही लस मिळते, आणि म्हणून अशा जनुकांचा माग काढायची मोठी संधी आपल्याकडे आहे.

बीसीजी पसरण्यामागे कधी आणखी एक दोष निघतो, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. इथे न्यूट्रोफिल भिंत धरतो, बाहेर पडतो, जंतू गिळतो, सगळं करतो. फक्त गिळलेल्या जंतूला मारण्यासाठी ऑक्सिजनपासून जी जहाल रसायनं करायची, ती करणारं यंत्र बंद असतं. स्टॅफिलोकॉकससारखा जंतू त्याच्या पोटात जिवंत राहतो. याची एक तपासणी १९६८ पासून वापरात आहे आणि ती साध्या सूक्ष्मदर्शकावर होते. रक्तात एनबीटी नावाचा फिकट पिवळा रंग घालायचा. यंत्र चालू असेल तर पेशीत गडद निळे कण जमतात, बंद असेल तर पेशी बिनरंगाची राहते. आजारी मुलाच्या काचपट्टीवर निळं काही दिसत नाही. मग त्याच्या आईचं रक्त घ्यावं. या आजाराचं एक मुख्य जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आईकडे दोन एक्स असतात, एक चांगलं आणि एक खोटीचं, आणि तिच्या प्रत्येक पेशीने ती गर्भात असतानाच दोहोंपैकी एक बंद करून टाकलेलं असतं. म्हणून तिच्या काचपट्टीवर काही पेशी निळ्या असतात आणि काही कोऱ्या, शेजारीशेजारी. ती बहुधा धडधाकट असते. कारण तिच्या निळ्या पेशी सगळं काम निभावून नेतात. आनुवंशिकता इतक्या स्पष्टपणे, काचपट्टीवर एकेक पेशी मोजता येईल अशी, दुसरीकडे क्वचितच दिसत असेल.

याच एक्स गुणसूत्रामुळे अनुभवी डॉक्टर आईकडे तिच्या माहेरची चौकशी करतात. तुमचा एखादा भाऊ लहानपणीच गेला होता का? तुमच्या आईचा भाऊ? लेकराला उष्टावणाचा घास भरवायला मामा बसतो आणि कधीकधी कोड्याचं उत्तरही मामाच्याच घराण्यात असतं.

उष्टावणाची वेळ तर सगळ्यांत नाजूक. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आई वारेतून आपल्या प्रतिपिंडांचा साठा लेकराला देते. पूर्ण दिवसांच्या बाळात तो आईइतकाच, कधी तिच्याहून काकणभर जास्त असतो. दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ जंतूंपुढे इतकं अधू का असतं, याचं एक उत्तर यात आहे. त्याचा साठा भरायचाच राहिलेला असतो. हा उसना साठा सहा महिन्यांत सरत येतो आणि लेकराचा स्वतःचा तोवर पुरता भरलेला नसतो. ज्या मुलाला स्वतःचे प्रतिपिंड करताच येत नाहीत ते या वयापर्यंत इतरांसारखंच हसत-खेळत असतं. नंतर कान फुटणं, न्यूमोनिया, रक्तात न्यूमोकॉकस अशी रांग लागते. अमेरिकेत डॉ. ऑगडेन ब्रूटन यांनी अशा एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नाहीच हे दाखवलं, तेही १९५२ साली, परळला बॉम्बे रक्तगट जाहीर झाला त्याच वर्षी.

आईचा साठा आणि स्वतःचा साठा यांच्यामधल्या या फटीचा माझा आवडता दाखला ग्रीनलंडमधला आहे. आपल्या रक्तात एमबीएल नावाचं एक प्रथिन असतं. जंतूंच्या अंगावरची साखर ओळखून ते त्यांना चिकटतं आणि मग त्यांना गिळणं सोपं होतं. त्याच्या जनुकातले बदल विरळ मुळीच नाहीत. जगात कुठेही गेलात तरी पुष्कळ निरोगी माणसांत ते सापडतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रीनलंडमधली दोन वर्षांखालची २५२ मुलं पाहिली गेली. एमबीएल कमी असलेल्यांना श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होत होते आणि हा फरक मुख्यतः ६ ते १७ महिन्यांच्या मुलांत होता. आईचा साठा संपला आहे, स्वतःचा भरतो आहे, तेवढ्याच काळात एमबीएलवर सगळा भार येतो. एरवी ते असलं काय, नसलं काय, कुणाला पत्ता लागत नाही.

आपल्याच नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांना सिकलसेल ठाऊक आहे. ते जनुक प्रतिकारशक्तीचं नाही, हिमोग्लोबिनचं आहे. तरी वेळापत्रक तसंच. जन्मल्यावर काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन लेकराला सांभाळतं. ते ओसरलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात, पाणथरीतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि रक्तातला न्यूमोकॉकस गाळून काढणारा अवयवच निकामी होऊ लागतो. म्हणून या मुलांना लहानपणी रोज पेनिसिलिन देतात. १९८६ साली अमेरिकेतल्या चाचणीत त्याने गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले होते. भारतातल्या पुष्कळ रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि पाणथरी जास्त काळ तगते. एका जनुकाचा घाव दुसऱ्या जनुकाने सौम्य केलेला असा दिसतो.

आणि काही फटी वयाबरोबर बुजतात. जंतूची चाहूल लागल्यावर पेशीच्या आत वर्दी नेणारे आयआरएके-४ आणि माय-डी-८८ असे दोन रेणू आहेत. ते नसलेल्या मुलांना न्यूमोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस फार लवकर गाठतात. भयंकर म्हणजे, वर्दीच पोचत नसल्याने सुरुवातीला ताप चढत नाही, सूजही दिसत नाही. काहींची नाळही उशिरा पडते. २०१० साली अशा ६० रुग्णांचा आढावा आला. त्यांतले बरेच आठ वर्षांच्या आत गेले होते. पण त्या वयानंतर मृत्यू नाही आणि चौदाव्या वर्षानंतर रक्तात पसरलेला जंतुसंसर्गही नाही. जनुक तेच, तितकंच बिघडलेलं. मधल्या वर्षांत शरीराने एकेका जंतूची ओळख स्वतः करून घेतली आणि त्या बिघडलेल्या वर्दीवाचून त्याचं भागू लागलं. तोवर प्रतिजैविकांच्या आधाराने तगवून ठेवलं, तर ते मूल मोठं होतं.

जंतू पकडला म्हणून आजार झाला, हे खरं आहेच. पण कुणाला झाला यात घराण्याचा हात किती, याचा धक्कादायक पुरावा १९८८ साली डेन्मार्कमधून आला. ९६० कुटुंबांतल्या दत्तक मुलांचा तो अभ्यास. ज्यांचे जन्मदाते आईवडील पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले होते त्यांना स्वतः संसर्गाने मरण्याचा धोका जवळपास सहापट होता, आणि वाढवणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत तसं आढळलं नाही.

आपल्याकडे घराण्याचा विषय निघाला की मामाची मुलगी आठवणारच. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालींमधला दुवा असल्याचं दाखवलं. मामेबहिणीशी लग्न इथे चालतं, आणि कर्नाटकाला लागून असलेल्या भागांत मामा-भाचीचंही. आईबाप आते-मामेभावंडं असतील तर लेकराच्या जनुकांचा सरासरी सोळावा भाग दोन्हीकडून एकच प्रत आल्याने जुळा निघतो. मामा-भाची असतील तर आठवा. लॅडसारखे दोष दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसतात, त्यामुळे अशा घरांत त्यांची शक्यता वाढते. तरीही बहुसंख्य अशा जोडप्यांची मुलं निरोगीच असतात. ही लग्नं जमिनीसाठी, जिव्हाळ्यासाठी, लेक परक्या घरी जाऊ नये म्हणून होत आली. त्यात कुणी कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी नातं विचारलं तर ते न लाजता सांगावं, एवढं मात्र मनापासून वाटतं.

आणि हेही वाटतं, की जनुकांच्या या नवलाईने मूळ गोष्ट झाकली जाऊ नये. एमबीएलसारख्या सर्रास आढळणाऱ्या बदलांचा नवजात बाळांच्या सेप्सिसशी, म्हणजे सर्वांगी जंतुसंसर्गाशी, संबंध तपासणारे पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. असा बदल फार तर थोडासा धक्का देतो. हात न धुता उचललेलं लेकरू, अपुऱ्या दिवसांचा जन्म, एका वॉर्मरवर ठेवलेली दोन बाळं, वेळेवर न मिळालेलं इंजेक्शन, यांचा धक्का त्याहून कितीतरी मोठा असतो. पहिल्या तासात पाजलेलं चिकाचं दूध लेकराची जनुकं पाहत बसत नाही.

विरळ दोषांत मात्र जनुकाचंच ऐकावं लागतं, आणि तिथे वेळ हाताशी थोडा असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ पासून नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून टी-पेशी तयार होत आहेत की नाहीत हे पाहायला सुरुवात केली. टी-पेशी घडताना तिच्या डीएनएतला एक तुकडा कापला जातो, त्याची टोकं जुळून कडं बनतं आणि ती कडी त्या वाळलेल्या थेंबातही मोजता येतात. कडी नसतील तर लेकरू एससीआयडी या प्रतिकारशक्तीच्या सर्वांत तीव्र जन्मजात दोषाचं असू शकतं. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर टोचतात, त्यामुळे असा अहवाल यायच्या आधीच जिवंत लस अंगात गेलेली असते. म्हणून ज्या घरात आधीचं भावंड वर्षाच्या आत जंतुसंसर्गाने किंवा बीसीजी पसरून गेलं असेल तिथे पुढच्या लेकराची तयारी गरोदरपणातच करावी. बाळंतपण जिथे होणार तिथल्या डॉक्टरांना ते आधी सांगावं, बीसीजी तपासणी होईपर्यंत थांबवावी आणि जन्मल्यावर रक्त काढून घ्यावं. न्यूट्रोफिल फार काळ जगत नाहीत, त्यामुळे त्यांच्या तपासण्यांना रक्त ताजंच लागतं. संध्याकाळी काढलेला नमुना रात्रीच्या गाडीने निघाला, तर सकाळी परळला पोचतो.